पिस्तुलाची नळी

आमच्या अप्पांचा भरवसा फक्त दोन गोष्टींवर होता. एक गळ्यातलं इष्टलिंग, दुसरा दुकानातला तराजू. त्यातही तराजूवर जरा कमीच, कारण रोज सकाळी गंजातलं, म्हणजे बाजारपेठेतलं, दुकान उघडलं की ते आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मधोमध थांबतो का ते पाहायचे, मगच गिऱ्हाईकाकडं वळायचे. आमचं दुकान सरकी पेंडीचं. पोतं आलं की अप्पा त्यातला एक तुकडा मोडून जिभेवर ठेवायचे. वाळू मिसळली असेल तर दातांना कळायचं आणि पोतं तिथूनच परत जायचं. दूधवाल्याच्या दुधात बोट, तेलवाल्याच्या तेलात बोट, पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्याचा आधी वास, घरी वाढलेल्या ताटाचाही. घरात कुठलीही वस्तू जागची हलली की त्यांचा एकच शब्द, "शक हाय मला." आता माझंही वय झालंय, आणि भाजीवाल्यानं बांधून दिलेली मेथीची जुडी मी घरी येऊन सोडून बघते. सून हसते. हसू दे बापडीला, तिला काय ठाऊक मी कुणाच्या हाताखाली वाढले ते.

ते दिवस लातूर नवीन नवीन जिल्हा झाल्याचे होते. जिकडंतिकडं पाट्या रंगवणं चाललेलं, भाड्याच्या घरांत कचेऱ्या थाटलेल्या, आणि गावातला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडं अशा नजरेनं बघायचा की याचा कुठं वशिला लागला असेल. आभाळात मात्र काही नाही. विहिरी तळाला गेलेल्या. आमच्या गल्लीत बोअरच्या पाण्याचा टँकर यायचा, त्याचा भोंगा ऐकू आला की घागरींचा असा खणखणाट व्हायचा की ऑइल मिलचा भोंगाही त्यात ऐकू येत नसे. ते पाणी इतकं खारं की तांब्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी कडेला पांढरी रेघ दिसायची. डाळ त्यात शिजायची नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, डाळ सोडून भाजल्या पिठाच्या येसराची आमटी आणि शेंगाची चटणी यावरच दिवस काढायची. मुरमुऱ्यांची सुशीला करायची तर ते भिजवलेलं पाणीसुद्धा फेकायची नाही, त्यात भांडी विसळायची. एवढ्या टंचाईत एकाच पाण्याला घरात कुणी हात लावत नव्हतं, ते अप्पांच्या पूजेचं. पहाटे देवघराचं दार लोटून ते बसायचे, डाव्या तळहातावर लिंग घ्यायचे, त्यावर वाटीभर पाणी सोडायचे, आणि ते तीर्थ थेंबभरही वाया जाऊ द्यायचे नाहीत.

अशा या माणसाला नाद होता पिस्तुलाचा. खऱ्या नव्हे, छर्र्याच्या. तरुणपणी हैदराबादेहून आणलेलं, लाकडी मुठीचं, नळी खाली मोडली की आत हवा दाबली जायची. आम्ही लिंगायत, घरात कधी अंडं शिजलं नाही, त्यामुळं नातेवाइकांत या पिस्तुलाची फार कुजबुज व्हायची. पण अप्पांनी त्यानं कधी चिमणीही हुसकली नाही. पेंडीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीला गोल काढलेला कागद टाचायचा आणि नेम धरायचा, बस्स. एकदा कागदाजवळ पारवा येऊन बसला तर तो आपण होऊन उडेपर्यंत पिस्तूल मांडीवर ठेवून बसले होते. मला भाऊ नव्हता. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून गोदामात त्यांच्या शेजारी उभी राहायचे, आणि कधीतरी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. श्वास कसा सोडायचा, बोट कसं ओढायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. जगातल्या कुणाचंही काम त्यांना पसंत पडायचं नाही, पण माझा छर्रा मधोमध लागला की कागद घडी घालून खिशात ठेवायचे. पेंडीचा तो गोडूस-कुबट वास आला की मला अजून हात सरळ करावासा वाटतो.

जिल्हा नवा झाला म्हणून नेमबाजीचा संघही नवा करायचा होता, आणि मुलींत उभं राहायला गावात दुसरी कुणी नव्हती. त्यामुळं माझं नाव गेलं. विभागाच्या स्पर्धा नांदेडला दिवाळीनंतर व्हायच्या होत्या. तिथं निवड झाली तर मी नांदेडला मन्मथमामाकडं राहून कॉलेजात शिकणार, असं अप्पांनी कबूल केलं होतं. निवड झाली नाही तर उदगीरची सोयरीक. ते लोक येऊन मला पाहून गेले होते, मुलाचं कापडाचं दुकान होतं, आणि अव्वाला ते स्थळ मनापासून आवडलेलं. तिनं पेटीतल्या साड्या काढून उन्हातसुद्धा घातल्या. मला तो मुलगा वाईट वाटला असं नाही, पण मला जायचंच नव्हतं. गोदामातला तो कागद सोडून उदगीरच्या एखाद्या माजघरात जन्म काढायचा, या कल्पनेनं माझी झोप उडाली होती.

खंडेनवमीला आमच्याकडं तराजू, वजनं, पोतं शिवायच्या सुया, सगळ्यांची पूजा होते. त्या वर्षी अप्पांनी पिस्तूलही मांडलं, त्याला विभूती लावली, बेल वाहिला. दसरा झाल्यावर तराजू दुकानात गेला, पण पिस्तूल देवघराच्या फळीवरच ठेवायचं ठरलं. स्पर्धा होईपर्यंत ते तिथंच सुरक्षित, म्हणाले, इथं आपल्या तिघांशिवाय कुणी पाय ठेवत नाही. दिवाळीला मामा आला तेव्हा त्यानं ते हातात घेऊन पाहिलं, तर त्याला आंघोळ केलीस का म्हणून विचारलं.

आणि दिवाळीनंतर माझे छर्रे भरकटायला लागले. एक वर, एक डावीकडं, एक कागदाच्या बाहेर पोत्यात. अप्पांचा पहिला शक छर्रे विकणाऱ्यावर गेला. डबी बदलली. मग कागदावर गेला, मग गोदामाच्या उजेडावर. शेवटी माझ्यावर आला. उदगीरचं मनात घोळून राहिलं का तुझ्या, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला एवढं लागलं की त्या दिवशी मी जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी मोडून उजेडाकडं धरली आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग मला दाखवली. आत कोरलेल्या, छर्र्याला गिरकी देणाऱ्या चकचकीत पिळांच्या जागी तांबूस खरबरीत गंज, आणि त्यावर पांढरी खपली. त्यांनी तारेनं ती खपली खरवडली आणि सवयीप्रमाणं जिभेवर ठेवली.

"खारट," ते म्हणाले. "मीठ घातलंय कुणीतरी."

घरात मीठ कुठं असतं ते सांगायला नको. अप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले. अव्वा भाकरी थापत होती. तिनं मान वर करून आमच्याकडं, मग अप्पांच्या हातातल्या तारेकडं पाहिलं, आणि तिचा हात परातीत थांबला. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला. मी तो पाहिला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. उदगीर कुणाला हवं होतं? तिला. देवघरात जायची मुभा कुणाला होती? तिला. साड्यांना ऊन कुणी दाखवलं? मी त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणीसुद्धा स्वतः तांब्यातून ओतून घ्यायला लागले. तिनं पिस्तुलाकडं नुसतं पाहिलं तरी मी मध्ये जाऊन उभी राहायचे. अप्पा तर रोज रात्री देवघराला कुलूप घालून किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवायचे. घरात तीन माणसं आणि तिघंही एकमेकांच्या पावलांचा आवाज ऐकत बसलेली. असलं जिणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

गंजलेली नळी साफ होईना. मामाला निरोप गेला. मन्मथमामा म्हणजे अव्वाचा धाकटा भाऊ, नांदेडला रेल्वेच्या कचेरीत कारकून. घड्याळ, रेडिओ, सायकल, काहीही उघडायला सदा तयार. पुन्हा बसवताना एखादा स्क्रू उरायचा, तो भाग वेगळा. अप्पांचा त्याच्यावर सगळ्यात जुना शक. पण नांदेडच्या एका कसरत मास्तरांकडं असंच एक पिस्तूल स्प्रिंग तुटून पडलंय आणि त्याची नळी धडधाकट आहे, हे त्यानंच शोधून काढलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, दोन्ही अंगांना काळी रानं भेगाळून पडलेली. अव्वानं वाटेत धपाटे सोडले. अप्पांनी खाल्ले, मी भूक नाही म्हणाले. तिनं फडकं पुन्हा बांधून ठेवलं.

नांदेडला मामाच्या नळाला गोदावरीचं पाणी यायचं. अव्वानं आल्या आल्या ओंजळभर पिऊन डोळे मिटले. तिचं माहेर ते. मामीनं वरण शिजवलं होतं, मऊ, पातळ, आणि कित्येक महिन्यांनी शिजलेली डाळ पाहून अप्पांनी पहिल्यांदा वास न घेता जेवायला सुरुवात केली. जेवण झाल्यावर मामानं पडवीत सतरंजी अंथरली आणि काम सुरू झालं.

मामानं टॉवेलमधून नळी काढली तशी अप्पांनी ती हातातून घेतली, आरपार पाहिली, हुंगली, आणि ही चोरीची तर नाही ना, असं विचारलं. मामा म्हणाला, मास्तर गल्लीतच राहतात, बोलावू का? मग प्रत्येक स्क्रू निघेल तसा अप्पा स्वतःच्या हातानं वेगळ्या वाटीत ठेवायचे आणि वर झाकण घालायचे. मामीच्या सगळ्या वाट्या संपल्या. शेजारच्या बाई साखर मागायला दोनदा आल्या, दारातून पिस्तुलाचे सुटे भाग पाहून साखर न घेताच परत गेल्या, आणि थोड्या वेळानं त्यांचे यजमान रेल्वेच्या क्वार्टरात हे असलं काय चाललंय म्हणून विचारून गेले. मामानं पिस्तुलात हवा दाबलेली नसल्याची खात्री केली, बिजागरीचा बोल्ट काढला, हवा दाबायची दांडी नळीपासून सोडवली. जुनी नळी अलग झाली. तिच्या बुडाशी असलेलं चामड्याचं वॉशर फुगून वाकडं झालं होतं. मामानं ते बोटानं दाबून पाहिलं.

"मीठ न्हाई दाजी हे," तो म्हणाला. "पाणी गेलंय आत. एकदा न्हाई, रोज जाऊन राहिलंय."

ज्या घरात मुरमुऱ्याचं पाणी फेकत नाहीत तिथं रोज पिस्तुलात पाणी घालणारं कोण? अप्पांनी सावकाश मान वळवून अव्वाकडं पाहिलं. मीही पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मीच," ती म्हणाली. "धूळ बसती म्हणून ओल्या फडक्यानं पुसत होते. मला काय ठावं."

ती खोटं बोलतेय हे मला तिच्या आवाजावरून कळलं. पण मी त्याचा अर्थ लावला तो माझ्या सोयीचा. पुसत नव्हती, मुद्दाम ओतत होती, आणि आता साळसूदपणा करतेय. अप्पा एवढंच म्हणाले, "पंचवीस वर्सं संसार केला. शक न्हवता घेतला तुझ्यावर कधी." ते वाक्य ऐकून मामाचा चेहरा उतरला. अव्वा आत जाऊन भांडी घासायला बसली. मामानं नवं वॉशर कातरलं, नवी नळी बसवली, बोल्ट आवळला, आणि नवल म्हणजे एकही स्क्रू उरला नाही. मागच्या बोळात भिंतीला कागद लावून मी नेम धरला. नळीबरोबर तिच्या टोकावरची नेम धरायची माशीही बदललेली, त्यामुळं छर्रे थोडे डावीकडं जायचे, पण एकाच जागी जायचे. माशी सरकवल्यावर ते मधोमध यायला लागले. माझ्या जिवात जीव आला. झोपताना अप्पांनी पिस्तूल उशाशी घेतलं आणि अव्वाची वळकटी मामीच्या खोलीत घातली गेली.

पहाटे कुणीतरी माझा खांदा हलवला. अव्वा होती. लांबून गुरुद्वाऱ्यातल्या पाठाचा आवाज येत होता.

"ऊठ, नंदे. अप्पा पूजेला बसलेत. जा, पिस्तूल घिऊन ये त्यांच्याकून."

मला वाटलं, हिला ते कशाला हवंय? तरी उठले. तिच्या आधी मला तिथं पोचायचं होतं. मामाचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला कोनाडा. अप्पा पाटावर बसले होते, कपाळाला ताजी विभूती, डाव्या तळहातावर लिंग. नांदेडला पाण्याला तोटा नाही, म्हणून आज वाटीऐवजी तांब्या भरून घेतला होता. लिंगावरून ओघळलेलं तीर्थ खालच्या ताटलीत जमलं होतं. पूजा संपल्यावर त्यांनी लिंग गळ्यात घातलं, तीर्थ प्राशन केलं, आणि मग पिस्तूल दोन गुडघ्यांमध्ये उभं धरलं, नळीचं तोंड वर. उरलेलं तीर्थ त्यांनी चमच्यात घेतलं. ओठ हलत होते. चमचा नळीच्या तोंडाशी गेला.

"अप्पा," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. पोर गूळ खाताना पकडलं जावं तसे माझ्याकडं बघून हसले. "तीर्थ हाय गं. दसऱ्यापासून रोज देऊन राहिलोय ह्याला. तुझ्या नेमाला बळ यावं म्हणून."

रोज, ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनाच ऐकू आला. त्यांनी हातातल्या चमच्याकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं. जो माणूस उभ्या लातूरवर शक घेऊन जगला, त्याच्या मनात स्वतःबद्दलचा शक पहिल्यांदा शिरताना मी समोर उभी राहून पाहत होते. चमचा कलला आणि दोन थेंब त्यांच्या धोतरावर पडले.

"तीर्थानं गंज कसा चढंल, नंदे?" त्यांनी विचारलं. इतक्या बारीक आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी मागं वळून पाहिलं. अव्वा दारात उभी होती. तोंडाशी पदर, आणि मान नाही म्हणून हलत होती. तिनं त्यांना देवघराच्या फटीतून कधीतरी पाहिलं असणार, तारेवरची खपली बघून तिला सगळं उमगलं असणार, आणि तेव्हापासून ती गप्प होती. कालचं सगळं बालंट तिनं अंगावर घेतलं ते याच्यासाठी. मला एकदम रडू आलं. पण रडले नाही, कारण ती बघत होती.

"तीर्थानं न्हाई चढत, अप्पा," मी म्हणाले. "आपलं बोअरचं पाणीच खारं हाय. त्याला तीर्थ तरी काय करंल?"

ते माझ्याकडं पाहत राहिले. त्यांचा त्यावर विश्वास बसला असं मला वाटत नाही. विश्वास बसायचा त्यांचा स्वभावच नव्हता. मी त्यांच्या गुडघ्यांतून पिस्तूल हळूच काढून घेतलं, बाजूला ठेवलं, पाटासमोर बसले आणि उजवा हात पुढं केला.

"नळीत नको. हितं द्या."

त्यांनी चमचा माझ्या तळहातावर रिता केला. मग विभूतीचं बोट माझ्या मनगटावर ओढलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओढताना त्यांना नीट दिसत नव्हतं.

मामीनं सुशीला केली होती, भरपूर शेंगदाणे घालून. मी चुलीपाशी अव्वाच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं, कामून सांगितलं नाहीस? ती कढईत उलथनं फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला त्यांनीच शिकवलंय. त्यांचाच हात चुकला म्हणून कळलं आस्तं, तर आज कुणाच्या भरवशावर नेम धरली आस्तीस?" उदगीरचं विचारायची मला हिंमत होईना, पण तिला ते न विचारताच कळलं. उदगीर चांगलं म्हणले होते मी, तू हरावीस म्हणले न्हवते, असं म्हणून तिनं माझ्या ताटलीत दुसरी पळी वाढली. मी सगळं खाल्लं.

स्पर्धेचं फार सांगण्यासारखं नाही. हॉलमध्ये उकडत होतं, मनगटावरची विभूती घामानं ओघळत होती, आणि नवी नळी शहाण्यासारखी वागली. निवडलेल्या मुलींत माझं नाव अगदी शेवटी आलं, पण आलं. अप्पांनी सगळे कागद तपासायला मागितले, एक छर्रा रेघेला लागलाय तो आत धरायला पाहिजे होता, तुला कमी दिलेत, म्हणून पंचांशी तकरार केली. मामानं त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. उदगीरला नकार कळवायचं अव्वानंच मनावर घेतलं.

अप्पांनी अव्वाची माफी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. ते त्यांना जमलंही नसतं. लातूरला परत आलो त्या संध्याकाळी ते पिस्तूल घेऊन देवघराकडं निघाले, दारात थांबले, आणि तसेच मागं फिरून स्वयंपाकघरात गेले. अव्वा पीठ चाळत होती. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, पिस्तुलावर ठेवली आणि दोन्ही तिच्यापुढं सरकवली.

"हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पुसत जा. कोरड्या फडक्यानं."

अव्वानं पिठाचे हात पदराला पुसले आणि ते उचलून पिठाच्या डब्यामागं ठेवलं. मी कॉलेजला नांदेडला गेले, सुट्टीला येत राहिले, आणि दर वेळी पिस्तूल तिथंच असायचं. आणखी एक सांगायचं राहिलं. तिनं वाढलेल्या ताटाचा वास अप्पांनी त्यानंतर कधी घेतला नाही.